खंजिरावरची वेल कशी काढावी

लहानपणी खंडेनवमीच्या आदल्या दिवशी घरातली हत्यारं उजळायचं काम आम्हा मुलांकडे असे. दोन कोयते, अडकित्ता, एक बोथट तलवार आणि आजोबांच्या पेटीत फडक्यात गुंडाळून ठेवलेली एक कट्यार. चिंच, रांगोळी आणि विटकरीची पूड घेऊन एका वर्षी मी त्या कट्यारीची मूठ अशी काही घासली की ती आरशासारखी चमकायला लागली. आजोबांनी ती हातात घेतली, उन्हात धरून फिरवली आणि एक अक्षर न बोलता पेटीत ठेवून दिली. मुठीवर एक बारीक सोनेरी वेल होती. ती मी घासून टाकली होती.

पुष्कळ वर्षांनी तीच मूठ भिंगाखाली धरली. पोलादावर एकमेकींना छेदणाऱ्या अतिशय बारीक रेघा होत्या आणि त्यांच्या खोलात सोन्याचे कण अडकून राहिले होते. कणांमागून कण जोडत गेले तशी वेल पुन्हा दिसू लागली. ती कागदावर उतरवायला मला चार महिने लागले, कारण मी सुरुवातच चुकीच्या ठिकाणाहून केली होती. मी आधी पानं काढत बसले होते.

या लेखात मी तीच वाट सरळ करून सांगते आहे. आधी ही नक्षी वाचायची कशी, मग कागदावर बांधायची कशी आणि शेवटी पितळेच्या पत्र्यावर कोरायची कशी. लागणारं सामान साधं आहे. वेळ मात्र हाताशी ठेवा.

नाव एक, घराणी अनेक

अरबेस्क हे या नक्षीला युरोपियनांनी दिलेलं नाव, ‘अरबी धाटणीचं’ एवढाच त्याचा अर्थ. ज्यांची ही कला त्यांची नावं वेगळी. इराणात इस्लिमी, तुर्कस्तानात रूमी, अरबीत तौरीक, म्हणजे पानांनी मढवणं. तिच्या जोडीला बहुतेक वेळा दुसरी एक वेल असते, तिला खताई म्हणतात. खता म्हणजे चीन. कमळासारखी आणि शेवंतीसारखी फुलं त्या वाटेनं इराणात आली आणि तिथून तुर्की दरबारात गेली. इस्लिमीला फूल नसतं, फक्त चिरलेलं पान असतं. खताईला फूल असतं. कुठल्याही खंजिरावर आधी एवढा फरक ओळखायला शिका, निम्मं काम तिथेच होतं.

हिचं मूळ ग्रीक आणि रोमन द्राक्षवेलीत आहे, हे व्हिएन्नाचे कलेतिहासकार आलोइस रीगल यांनी १८९३ साली सविस्तर मांडलं. पण द्राक्षवेल द्राक्षवेल राहिली नाही. सन ८३६ मध्ये वसवलेल्या समारा या अब्बासी खलिफांच्या राजधानीतल्या भिंतींवरचं गिलाव्यातलं कोरीव काम पाहिलं तर पान कुठे संपतं आणि पार्श्वभूमी कुठे सुरू होते हेच कळत नाही. खरी गंमत इथून सुरू होते.

आधी वाचा

एखाद्या चांगल्या वस्तूचं मोठं छायाचित्र मिळवा. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने २०१७ पासून आपल्या हजारो वस्तूंची चित्रं वापरायला मोकळी केली आहेत. तिथे तुर्की सुलतान सुलेमानच्या दरबारातलं एक यातगान आहे, साधारण १५२५ ते १५३० मधलं. यातगान म्हणजे आखूड, आतल्या बाजूला धार असलेली तलवार, त्यामुळे काटेकोरपणे बोलायचं तर हा खंजीर नव्हे. पण सरावाला याहून चांगला नमुना नाही. पात्यावर दाट पानोऱ्यात ड्रॅगन आणि फिनिक्स झुंजताना दिसतात. हे काम अहमद तेकेलू या कारागिराच्या कारखान्यातलं मानतात. त्याची सही असलेलं, हिजरी ९३३ म्हणजे १५२६-२७ मधलं, जवळजवळ असंच यातगान इस्तंबूलच्या तोपकापी राजवाड्यात आहे.

छायाचित्र ए-थ्री आकारात छापून घ्या आणि वर ट्रेसिंग पेपर लावा. तीन रंगांची पेनं लागतील. लाल पेनाने फक्त देठ गिरवा, हिरव्याने पानं आणि निळ्याने फुलं. क्रम बदलू नका. देठ गिरवताना पेन उचलावं लागलं तर समजा कुठेतरी चुकलात. मागे जा आणि वाट शोधा.

अर्ध्या तासात काही गोष्टी आपोआप लक्षात येतील. फांदी देठातून कधीच काटकोनात फुटत नाही. रेल्वेचा सांधा आठवा: दुसरा रूळ आधी पहिल्याला चिकटून धावतो आणि मग हळूच वेगळा होतो. वेलीचंही तसंच. ती ज्या दिशेने वाहते त्याच दिशेने फांदी निघते, उलट कधीच नाही. दुसरी गोष्ट निसर्गात कुठेच दिसणार नाही. पानाच्या टोकातून पुन्हा देठ निघतो आणि पुढे चालू लागतो. आपल्याकडे पैठणीच्या काठावर आसावली असते, तिच्यात पान हे पानच राहतं. इस्लिमीत पान म्हणजे वाटेतला एक थांबा. म्हणून तिला शेवट नसतो. चौकट संपते म्हणून ती थांबते.

तिसरी गोष्ट बघायला डोळे किलकिले करावे लागतात. तसं केलंत की पानं आणि त्यांच्यातल्या मोकळ्या जागा जवळपास सारख्याच वजनाच्या दिसतात. मोकळी जागा म्हणजे उरलेली जागा नव्हे, तीही काढलेलीच असते.

कुठे काढायची

अख्खं पातं नक्षीनं भरलेलं क्वचितच दिसेल. चांगल्या इराणी आणि हिंदुस्थानी पात्यांवर सोन्याचं काम मुठीजवळ आणि पाठीच्या कण्यावर असतं, बाकी पातं उघडं. त्याला कारण आहे. पात्याच्या पोलादातच लाटांसारखी नैसर्गिक जाळी असते, तिला जौहर म्हणतात. तेलंगणातल्या कोनसमुद्रमसारख्या गावांत मुशीत वितळवून केलेलं असं पोलाद इराणी व्यापारी विकत नेत. एवढा पैसा ज्या जौहरासाठी मोजला, तो सोन्याखाली झाकणार कोण? दमास्कस पोलाद आणि दमास्किनिंग या दोन शब्दांनी नेहमी गोंधळ होतो तो इथेच सोडवून घ्या. पहिला शब्द पोलादातल्या लाटांचा, दुसरा वरून बसवलेल्या सोन्याचांदीचा.

वेलीला दुसरी हक्काची जागा म्हणजे मूठ आणि म्यान, त्यातही म्यानाच्या तोंडाची मुहनाल आणि टोकाची तहनाल. दख्खनी कारागीर तर मुठीवर वेलीच्या जागी जनावरंच गुंफत. विजापूरची सोळाव्या शतकाच्या उत्तरार्धातली एक सोनेरी मुलाम्याची तांब्याची मूठ मेट्रोपॉलिटनमध्येच आहे, तिच्यात एकमेकांवर तुटून पडलेले प्राणी एका वळणातून दुसऱ्या वळणात शिरतात. नियम तोच, फक्त देठाच्या जागी अंग आणि पानाच्या जागी जबडा.

आपण पात्याच्या बुडाशी बसेल असा एक पट्टा करू. खाली रुंद, वर निमुळता, टोकाला पिंपळपानासारखा.

सांगाडा: पाच वर्तुळं आणि एक देठ

प्रत्यक्ष आकार ९ सेंमी उंच आणि ४ सेंमी रुंद ठेवायचा आहे. काढायचं मात्र दुप्पट, म्हणजे १८ बाय ८. मोठं काढून लहान केलं की हाताची थरथर निम्मी होते. मधोमध एक उभी रेघ मारा. उजवा अर्धा भागच काढायचा, डावा नंतर घडी घालून मिळतो. कडेला ३ मिमीची चौकट सोडा.

आता कंपासने उजव्या भागात खालून वर एकमेकांना टेकलेली पाच वर्तुळं काढा. व्यास अनुक्रमे ३४, ३४, ३०, २४ आणि १८ मिमी. यांची बेरीज १४० होते. खाली साधारण १ सेंमी वेलीच्या उगमासाठी आणि वर ३ सेंमी शेंड्याच्या पानासाठी उरते. पट्टा निमुळता आहे म्हणून वर्तुळं लहान होत जातात. जोडीतल्या वर्तुळांमधला फरक ६ मिमीहून जास्त ठेवू नका, नाहीतर वेल एकदम दम लागल्यासारखी दिसते.

आता देठ. तळातून निघून तो पहिल्या वर्तुळाच्या बाहेरच्या कडेने वर चढतो. पहिलं आणि दुसरं वर्तुळ जिथे टेकतात तिथे तो बाजू बदलतो आणि दुसऱ्याच्या आतल्या कडेने, म्हणजे मधल्या रेघेच्या बाजूने वर जातो. तिसऱ्याला पुन्हा बाहेरून. अशी नागमोडी वाट शेवटपर्यंत न्या.

फांद्या कुठून काढायच्या हे मला कुणी सांगितलं नव्हतं आणि माझे चार महिने यातच गेले. उत्तर अगदी सोपं आहे. दोन वर्तुळं जिथे टेकतात त्या बिंदूवर देठ वळण बदलतो, फांदी वळण बदलत नाही. देठ पुढच्या वर्तुळाकडे गेला तरी फांदी आधीच्याच वर्तुळाच्या कडेने वळत राहते आणि गोगलगायीसारखी आत शिरत जाते. दीड फेरा पुरे. दोन फेरे घेतले तर पानाला जागा उरत नाही, एकच घेतला तर वर्तुळाचं पोट रिकामं दिसतं.

ओळीनं पाच गोगलगायी, एक उजवीकडे वळलेली आणि पुढची डावीकडे. यात एकही पान नाही. तरी लांब धरून पाहा, नक्षी दिसायला लागते. दिसत नसेल तर पानं घालून ती सुधारणार नाही. खोडा आणि पुन्हा काढा. माझ्या वहीत असे सतरा सांगाडे आहेत, त्यातले तीन बरे.

कंपासची वर्तुळं फार यांत्रिक वाटली तर आता ट्रेसिंग पेपरवर हात मोकळा सोडून सांगाडा एकदा गिरवा. कंपास फक्त पायाड आहे, भिंत उभी राहिली की काढायची.

पान: चिरलेली कोयरी

रूमी पानाचा आकार मराठी हाताला अवघड नाही. मेंदीतली किंवा साडीतली कोयरी आठवा. ती टोकाकडून थोडी चिरली आणि दोन पाकळ्या दोन दिशांना वळवल्या की रूमी पान झालं. मात्र पाकळ्या सारख्या नकोत. एक लांब, पुढे वाकलेली. दुसरी आखूड, फुगीर, मागे वळून बसलेली. दोन्ही सारख्या झाल्या की पानाऐवजी माशाचं शेपूट दिसतं.

पान काढताना आधी लांब पाकळीची पाठ काढा, एका ओढीत, आणि ती ओढ देठाच्या वळणातूनच निघू द्या. मग आखूड पाकळीचं पोट. दोघांच्या बेचक्यात एक छोटा गोल डोळा. शेवटी पानाच्या आत, कडेपासून सारखं अंतर ठेवून, एक बारीक रेघ. जुन्या कामात कोरीव उतार या रेघेपासून सुरू होतो.

कुठलं पान कुठे? सगळ्यात मोठं प्रत्येक गोगलगायीच्या पोटात, जिथे फांदी संपते. मध्यम फांद्यांच्या फाट्यावर, फाटा झाकण्यासाठी. लहान कोपऱ्यांमध्ये. मध्यम पानांपैकी निदान दोनांच्या लांब टोकातून एकेक देठ बाहेर काढा आणि शेजारच्या मोकळ्या जागेत न्या. हे केलं नाही तर काम सुबक होईल, पण इस्लिमी होणार नाही. साडीचा काठ होईल.

जागा तपासायला माझी घरगुती युक्ती आहे, साबुदाणा. दुप्पट आकाराच्या चित्रावर दोन पानांच्या मधल्या जागेत एक कोरडा साबुदाणा ठेवायचा. बरोबर बसला तर ठीक. दोन बसले तर तिथे एक लहान पान हवं. एकही बसला नाही तर कुठलं तरी पान बारीक करायचं. पट्टाभर पंधरावीस ठिकाणी हे केलं की वेलीचा श्वास एकसारखा होतो. मग पार्श्वभूमी काळ्या शाईने भरून चित्र उलटं धरा. उलट्या चित्रात डोळा पान शोधत नाही, फक्त काळं-पांढरं पाहतो, आणि चुका लगेच उघड्या पडतात.

दुसरी वेल हवी असेल तर ती खताईची, पातळ देठाची आणि फुलांची. पहिलीच्या खालून-वरून, खालून-वरून अशी आळीपाळीने न्या. पहिल्या पट्ट्यात तरी मी हा मोह टाळायला सांगेन. दोन वेली एकत्र सांभाळणं म्हणजे दोन मांजरं एका पिशवीत घालणं.

लेखाची जागा

पुष्कळ पात्यांवर वेलीच्या मध्ये एक छोटी चौकट असते आणि तिच्यात अक्षरं. शस्त्रांवर सर्वात जास्त दिसणारं वाक्य कुराणाच्या ६१व्या सूरेतलं आहे: नस्रुम मिनल्लाहि व फतहुन करीब, म्हणजे अल्लाहकडून मदत आणि जवळ आलेला विजय. काही पात्यांवर चार घरांचा एक छोटा चौकोन असतो, त्यात २, ४, ६, ८ हे आकडे किंवा त्यांची अरबी अक्षरं. तो बदूह, रक्षणाचा ताईत.

अरबी लिपी येत नसेल तर अक्षरं गिरवू नका. एक नुक्ता, म्हणजे अक्षराचा ठिपका, हलला की शब्द बदलतो, आणि हे कुणाच्या तरी धर्मग्रंथातलं वाक्य आहे. चौकट रिकामी ठेवा किंवा तिथे एक मोठं फूल काढा.

आता धातू

सरावाला पोलाद नको. १ मिमी जाडीचा पितळी पत्रा घ्या, १२ बाय ६ सेंमीचा. कडा कानशीने मारून घ्या, बोट कापतं. ओल्या पॉलिश पेपरने, आधी ४०० आणि मग ८०० नंबरच्या, एकाच दिशेने घासा. पाण्याचा थर न तुटता पसरला की तेलकटपणा गेला.

पत्रा हातात धरून कोरता येत नाही. राळ वितळवून त्यात विटकरीची चाळलेली पूड आणि थोडं गोडेतेल मिसळा. हे मिश्रण लाकडी ठोकळ्यावर ओतून पत्रा त्यात दाबून बसवा. थंड झाल्यावर तो हलत नाही, आणि ठोके पडले तरी राळ खालून दाब सोसते. काम झाल्यावर थोडी ऊब दिली की सुटतो. राळ उघड्या ज्योतीवर वितळवू नका, पेटते. जुन्या पातेल्यात, मंद शेगडीवर, खिडकी उघडी ठेवून.

चित्र निम्म्या आकारात छापून त्याचा खाका करा. रेघांवर बारीक सुईने जवळजवळ भोकं पाडायची, कागद पत्र्यावर ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थापायची. कागद उचलला की ठिपक्यांची वेल उमटते. कोळसा पितळेवर टिकत नाही म्हणून आधी पांढऱ्या पोस्टर रंगाचा पातळ हात देऊन वाळवून घ्या. मग टोकदार सुईने ठिपके जोडत हलकी रेघ ओढा. पुस्तकांची पानं, फरशा, गालिचे आणि पाती यांवर एकाच घराण्याची वेल दिसते, कारण उस्मानी, म्हणजे तुर्की दरबाराचे चित्रकार एका कारखान्यात बसून नमुने करत आणि ते निरनिराळ्या कारागिरांकडे जात. सोळाव्या शतकात त्या कारखान्यात इराणातल्या तब्रिझहून आलेला चित्रकार शाहकुली होता. त्याची लांब, दातेरी, तलवारीसारखी वळलेली पानं पुढे फरशांवरही पोचली.

कोरायला चौकोनी, कठीण पोलादाचं कलम लागतं, ३-४ मिमी जाड आणि टोक तिरकं घासलेलं. सोबत १०० ग्रॅमच्या आसपासची हातोडी. डोळ्यांवर गॉगल, यात सूट नाही. कलम पत्र्याला साधारण ३० अंशांत धरा. जास्त उभं धरलं तर रुततं, आडवं धरलं तर घसरतं आणि पत्र्यावर कायमचा ओरखडा देऊन जातं. ठोके हलके आणि जवळजवळ, पाऊस पडावा तसे. आधी देठ, पूर्ण लांबीचा. मग पानांच्या पाठी. शेवटी आतल्या रेघा.

वळणावर हात वळवू नका, ठोकळा वळवा. कारागीर काम करताना पाहिला असेल तर आठवेल, उजवा हात जागचा हलत नाही आणि डावा हात सबंध वस्तू फिरवत राहतो, चाकावरच्या कुंभारासारखा. म्हणूनच धातूवरची वळणं कागदावरच्याहून गोल आणि शांत असतात. ठोकळ्याखाली वाळूची चामडी पिशवी ठेवली तर तो सहज फिरतो. जाड कापडात तांदूळ शिवलेत तरी चालतं.

कोरून झाल्यावर वेल उठून दिसण्यासाठी रेघांत काळी लाख भरता येते. मुरादाबादच्या पितळी भांड्यांवर हीच पद्धत चालते. पत्रा खालून तापवा, लाखेची कांडी वरून घासा, ती वितळून खाचांत उतरते. थंड झाल्यावर वरची लाख ८०० नंबरच्या ओल्या कागदाने उतरवा. काळ्या रेघा राहतात आणि पितळ पुन्हा वर येतं.

कोफ्तगिरी, निदान समजून घ्यायला

माझ्या आजोबांच्या कट्यारीवर होती ती कोफ्तगिरी. उदयपूरला ती आजही चालते. फाळणीपूर्वी पंजाबातली सियालकोट आणि गुजरात ही दोन शहरं तिच्यासाठी प्रसिद्ध होती. पोलादाच्या पृष्ठभागावर धारदार कलमाने दोन-तीन दिशांनी बारीक रेघांचं जाळं पाडतात. नजरेला ते नुसतं धुरकट दिसतं, नखाला मात्र खरखर लागते. मग पोलाद निळसर होईपर्यंत तापवतात. शुद्ध सोन्याची तार जंतरपट्टीतून, म्हणजे लहान होत जाणाऱ्या भोकांच्या पट्टीतून, ओढून केसाएवढी बारीक केलेली असते. ती डाव्या हातात धरून वेलीच्या रेघेवर वळवत न्यायची आणि लगोलग हलकं ठोकत जायचं. मऊ सोनं खरखरीत दातांत रुतून बसतं. पानाचं पोट भरायला तारेला तार लावून वेटोळं घालतात. पुन्हा तापवून अकीकाच्या गुळगुळीत दगडाने घोटलं की तारांचा पत्रा होतो.

आता कोफ्तगिरीची वेल नीट पाहा. देठ सगळीकडे सारख्याच जाडीचे, पानं लहान. कारण तार जाडी बदलत नाही आणि मोठ्या पानाला सोनं फार लागतं. याउलट तहनिशान कामात आधी खोल खाच कोरून त्यात सोनं ठोकतात, तिथे पान हवं तेवढं रुंद होतं. पोलादातच उठाव कोरला असेल तर पानाला उतार येतो आणि सावली पडते. नक्षी कागदावर ठरते असं आपल्याला वाटतं, पण तिची शेवटची वळणं कलम आणि तार ठरवतात. म्हणून कागदावर काढतानाच विचारा: हे मी कशाने करणार आहे?

जवळून बघायची इच्छा झाली तर उदयपूरच्या आधी बिदर गाठा. उदगीरहून तर ते शेजारीच आहे. तिथला धातू जस्ताचा, थोडं तांबं मिसळलेला. त्यावर मोरचुदाचं पाणी फिरवून पृष्ठभाग तात्पुरता काळा करतात आणि त्यावर टोकदार सुईने थेट वेल काढतात. मग खाच कोरून चांदीची तार ठोकतात, घासतात आणि शेवटी किल्ल्यातल्या मातीत नवसागर कालवून गरम वस्तूला चोळतात. जस्त काळंभोर होतं, चांदी पांढरी राहते. तारेची वेल, पत्र्याची वेल आणि उठावाची वेल, तिन्हींचे नमुने एका दुकानात पाहायला मिळतात.

पाऱ्याने सोन्याचा मुलामा देण्याची जुनी रीत काही ठिकाणी लिहिलेली सापडेल. ती घरी करायची नाही. पाऱ्याची वाफ विषारी आहे.

विकत घेताना

बाजारात ‘जुना मुघल खंजीर’ म्हणून येणाऱ्या वस्तूंसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग खिशात ठेवा. खऱ्या कोफ्तगिरीत सोन्याच्या कडेबाहेर जाळीच्या रेघा डोकावतात आणि झिजलेल्या जागी सोन्याचे तुकडे रेघांत अडकलेले दिसतात. रंग असेल तर कड फुगीर, कधी बुडबुड्यांची. यंत्राने कोरलेल्या वेलीत प्रत्येक पान हुबेहूब सारखं, डावा भाग उजव्याचं तंतोतंत प्रतिबिंब. हाताच्या कामात खाका एकच असला तरी दोन बाजू जुळ्या बहिणींसारख्या असतात, सारख्या पण ओळखता येणाऱ्या. देठाचा माग काढा: नकली कामात तो कुठेतरी पानाखाली शिरतो आणि पुन्हा बाहेरच येत नाही.

शंभर वर्षांहून जुनी वस्तू पुरावशेष ठरते. १९७२च्या कायद्यानुसार ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही, तेव्हा परदेशातल्या भाच्याला भेट द्यायच्या आधी विचार करा. लांब पात्याच्या वस्तूला शस्त्र नियमांची अटही लागू शकते, पोलीस ठाण्यात विचारून घेतलेलं बरं.

आणि जुनं घरात असेल तर चिंच, लिंबू, रांगोळी, विटकर, पॉलिश, काहीही लावू नका. मऊ कोरड्या सुती फडक्याने धूळ पुसा. पोलादावर यंत्राच्या पातळ तेलाचा एक थेंब फडक्यावर घेऊन फिरवा आणि लगेच पुसून घ्या. सोन्याच्या भागावरून कापड ओढायचं नाही, नुसतं टेकवायचं. लेदरच्या म्यानात पातं ठेवून देऊ नका, कातड्यातल्या ओलाव्याने गंजतं. वेगवेगळं गुंडाळून ठेवा.

आजोबांची ती कट्यार आता माझ्याकडे आहे. खंडेनवमीला ती पाटावर येते, हळदकुंकू मात्र शेजारच्या सुपारीला लागतं. तिच्या मुठीवरून उतरवलेली वेल कोरलेला पितळी पत्रा तिच्या खाली असतो. तो माझा तिसरा पत्रा. त्याच्या चौथ्या गोगलगायीत फांदी देठातून उलट दिशेने फुटली आहे, आणि दर वर्षी माझी नजर आधी तिथेच जाते.